विजयाचा केक: भुसावळच्या एका कॅथलिक घरातलं प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि माणसांना नावांऐवजी नात्यांनी हाक मारली आहे. पक्षांची नावंही गाळली आहेत. ती लिहिली की वाचणारा पहिल्या परिच्छेदातच बाजू घेतो आणि मग स्वयंपाकघरात काय घडलं त्याकडे त्याचं लक्ष राहत नाही. पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चच्या समुदायात, कुटुंबांच्या अडीअडचणीत मदत करण्याचं काम माझ्याकडे असतं, त्यातूनच हे माझ्यापर्यंत आलं.

पार्श्वभूमी

खानदेशात कॅथलिक मूठभर. धुळे, जळगाव, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. भुसावळची कॅथलिक वस्ती मुख्यतः रेल्वेनं वसवलेली आहे. गोव्याचे, अँग्लो-इंडियन, दक्षिणेतले आणि नगरकडच्या मिशनच्या गावांतून आलेले मराठी, सगळे जंक्शनच्या आसऱ्यानं इथे रुजले. या घरातले वडील नगरकडचे, रेल्वेत फिटर. आई रेल्वे क्वार्टरमध्येच वाढलेली, माहेर मूळचं गोव्याचं. त्यामुळे नाताळात एका डब्यात करंज्या-शंकरपाळे आणि दुसऱ्यात कुलकुल (काट्यावर वळून तळलेले गोव्याचे गोड पदार्थ), अशी या घराची रीत. वडील जाऊन बरीच वर्षं झाली.

थोरले चिरंजीव ठेकेदारी करतात. नगरपालिकेची, रस्त्याची, गटारीची छोटी कामं. सत्तेतल्या माणसांशी जमवून घेतल्याशिवाय या धंद्यात बिलं निघत नाहीत, हे ते लपवत नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ आहे: "आपण किती लोक? सत्तेजवळ असलो तर कबरस्तानाची भिंत होते, लाईट लागते. लांब राहून काय मिळणार?" धाकटे शाळेत शिक्षक, वाचणारे, सभांना जाणारे. चर्चवर कुठे दगड पडला, कुठे प्रार्थनासभा बंद पाडली, याच्या बातम्या ते साठवून ठेवतात.

धाकटी सून नवापूर तालुक्यातली, मावची आदिवासी. माहेर प्रोटेस्टंट, लग्नाच्या वेळी ती कॅथलिक झाली. तिची बाजू समजल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही, म्हणून थोडं थांबते. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला आहे. आधी फक्त हिंदू, १९५६पासून शीख, १९९०पासून बौद्ध. ख्रिस्ती त्यात नाहीत. अनुसूचित जमातींना मात्र धर्माची अट नाही. धर्म बदललेल्या आदिवासींना यादीतून काढा, म्हणजे 'डीलिस्टिंग' करा, ही मागणी ज्या मोर्चांतून होते, ते मोर्चे नंदुरबार भागात तिनं डोळ्यांनी पाहिले आहेत. तिची नोकरी राखीव जागेवरची. थोरल्यांसाठी निवडणूक म्हणजे बिल निघणं न निघणं. हिच्यासाठी कपाटातलं जातीचं प्रमाणपत्र. घरात "राजकारण" म्हणून जे चाललं होतं ते दोघांसाठी एकच नव्हतं.

घर दुमजली. खाली आई आणि थोरले, वर धाकटे. ओव्हन खाली. आईनं आधी पत्र्याच्या डब्यात वाळू घालून स्टोव्हवर केक भाजले, नाताळला ट्रे भरून बेकरीच्या भट्टीवर नेले, आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मोठा ओटीजी, म्हणजे विजेचा ओव्हन, घेऊन ऑर्डरी सुरू केल्या. उन्हाळ्यात केळीचा केक (रावेर-यावलची केळी काळी पडली की दुकानदार स्वतःहून आणून देतात), एरवी मावा केक आणि वाढदिवसाचे क्रीमचे, डिसेंबरात प्लम केक. अन्नपरवान्याची नोंदणी आईच्या नावानं. तेव्हा वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली की वर्षाला शंभर रुपये भरून ती होत असे. खोक्यावर चिकटवायच्या लेबलवर आईचं नाव आणि खाली बारीकसा क्रूस. पुढे सगळं अडलं ते या लेबलपाशी.

कामं वाटलेली होती. फळं भिजवणं आणि मापं आईकडे. क्रीम, नक्षी, अक्षरं थोरल्या सुनेकडे. जळकी साखर धाकटीकडे. प्लम केकचा रंग आणि अर्धी चव या साखरेची. कोरडी साखर जाड बुडाच्या पातेल्यात वितळवायची, ती सोनेरी, मग तांबडी, मग चहापेक्षा गडद होते. धूर निघायला लागला की क्षणात उकळतं पाणी ओतायचं. आधी ओतलं तर केक फिका, जरा उशीर झाला तर कडू. गार पाणी ओतलं तर अंगावर उडतं. धाकटीचा हात यात पक्का होता.

काय घडलं

१३ मे २०२४ला जळगाव-रावेरचं लोकसभेचं मतदान झालं तेव्हाच घरात जोरात वाजलं होतं. आईनं कायदा केला: पिठाच्या डब्यापाशी राजकारण नको. सहा महिने तो टिकला. टिकला म्हणजे सगळे गप्प बसले.

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबरला, शनिवारी लागला. दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं आणि थोरल्यांना त्यांच्या ओळखीच्या कार्यकर्त्याचा फोन आला. उद्या सकाळी सत्कार आहे, मोठा केक पाहिजे, पक्षाचे रंग, मध्ये चिन्ह, वर नेत्याचा खाण्याच्या कागदावर छापलेला फोटो. (तलवारीनं कापायचाही बेत होता. त्याबद्दल गुन्हे दाखल होतात हे ठाऊक असूनही ही हौस काही फिटत नाही.) थोरल्यांनी परस्पर हो म्हटलं. आईला सांगितलं ते "सत्काराचा केक आहे" एवढंच. थोरली रात्री उशिरापर्यंत जागून क्रीमला रंग देत बसली. धाकटी पाणी भरायला खाली आली तेव्हा टेबलावर चिन्ह अर्धं रंगवून झालं होतं. ती काही बोलली नाही. कळशी तिथेच ठेवून वर गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार, आणि योगायोगानं ख्रिस्तराजाचा सण. पोप पायस अकरावे यांनी १९२५मध्ये तो सुरू केला, तोही राष्ट्रवाद आणि हुकूमशाहीच्या वाऱ्यात, सत्ता शेवटी कुणाची हे आठवून देण्यासाठी. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपेपर्यंत कुणीतरी केकचा फोटो पॅरिशच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. केकशेजारी खोकं, खोक्यावर लेबल, लेबलवर क्रूस. खाली अभिनंदनाचे अंगठे. धाकट्यांनी त्याखाली चर्चवरच्या हल्ल्यांच्या बातम्या एकामागून एक चिकटवल्या. थोरल्यांनी उत्तर दिलं, "ज्याला शाळेचा पगार फुकट मिळतो त्यानं धंदा शिकवू नये." ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी वाचून न वाचल्यासारखं केलं, उरलेले भांडले. संध्याकाळी फादरांनी ग्रुपवर लिहिणं फक्त ॲडमिनपुरतं ठेवलं.

धाकटीनं सासूला एकच निरोप पाठवला: त्या ओव्हनमधलं काही माझ्या मुलांना देऊ नका.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्या बैठकीत सगळे मतांवरच बोलत राहिले. कुणाचं सरकार चांगलं, कुणी काय दिलं. थोरलीनं मदतीला येणाऱ्या बाईच्या खात्यात येणारे लाडकी बहीण योजनेचे पंधराशे रुपये मोजून दाखवले, धाकट्यांनी बातम्या. ऐकताना माझ्या लक्षात आलं की मतं तर लोकसभेच्या वेळीही हीच होती आणि तरी तेव्हा कुणी कुणाचं खाणं बंद केलं नव्हतं. या वेळी नवीन काय, तर लेबल. थोरल्यांनी स्वतःच्या दाराला झेंडा लावला असता तर धाकटीनं नाक मुरडलं असतं, एवढंच. पण आईचं नाव, क्रूस आणि ज्यात तिचेही हात होते ते काम एका पक्षाच्या टेबलावर गेलं. तिच्या वतीनं कुणीतरी बोललं, तिला न विचारता.

आईचं दुःख निराळं होतं. तिला वाटत होतं आपल्या देवाला टेबलावर बसवून त्याच्यासमोर तलवार काढली. "मी भाजून राहिले वीस-पंचवीस वर्षं, कुणाच्या धर्माचा, पक्षाचा केक मी कधी नाही म्हटला नाही," ती म्हणाली. "पण मला सांगायला पाहिजे होतं ना."

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय आईचाच, मे महिन्याचा कायदा आणखी कडक करायचा. घरात राजकारणाचा शब्द नको. तो मी लगेच बाजूला ठेवायला सांगितला. गप्प बसवून सहा महिन्यांत काय साठलं ते दिसलंच होतं. शिवाय धाकटीला "गप्प बस" म्हणणं म्हणजे तिच्या नोकरीचा विषय घरात काढू नको म्हणणं, आणि हे तिला परक्यांकडून ऐकून पुरेसं झालं होतं.

दुसरा, चूल वेगळी करायची. धाकट्यांनी वर दुसरा ओटीजी घ्यायचा, थोरल्यांनी धंदा स्वतःच्या नावावर करायचा. व्यवहाराच्या दृष्टीनं हा सगळ्यात सोपा आणि स्वच्छ पर्याय होता, आणि खूप घरांत मी तोच सुचवते. पण डिसेंबर तोंडावर होता आणि थोरलीनं एकटीनं साखर जाळून पाहिली. पहिली खेप डांबरासारखी. दुसरी वेळेत उतरवली असं तिला वाटलं, पण केक कापल्यावर जिभेवर कडवट. सगळे केक टाकून द्यावे लागले. तिनं हे बैठकीत स्वतःहून सांगितलं, आणि माझ्या मते दोन्ही सुनांमधलं ते पहिलं खरं बोलणं.

तिसरा पर्याय, फादरांनी निवाडा करावा. आईचा यावर फार भर होता. "फादर, तुम्ही सांगा कुणाला मत द्यायला पाहिजे, पोरं ऐकतील." फादरांनी नकार दिला. कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, २८७व्या कलमानुसार पुरोहितानं पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घ्यायचा नसतो, हे त्यांनी सांगितलं. त्यापेक्षा महत्त्वाचं त्यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली आधुनिक जगातल्या चर्चविषयीच्या दस्तऐवजात असं म्हटलं आहे की श्रद्धाळू माणसं एकाच प्रश्नावर प्रामाणिकपणे वेगळ्या मतांना येऊ शकतात, पण चर्चचा अधिकार केवळ आपल्याच मताच्या पाठीशी आहे असा दावा कुणी करू नये. फादर म्हणाले, "खोक्यावरचा क्रूस हा दावा करत होता. आणि ग्रुपवर 'खरा ख्रिस्ती त्यांना मत देणार नाही' असं लिहिलं गेलं, तेही तेच करत होतं." दोन्ही भाऊ गप्प झाले. धाकट्यांना हे अपेक्षित नव्हतं.

चौथा, थोरल्यांनी सगळ्यांसमोर माफी मागावी. हा धाकट्यांचा आग्रह. थोरले तयार नव्हते, आणि बळजबरीनं मागितलेल्या माफीनं काय होतं हे ज्यानं भावकीतलं शेताच्या बांधाचं भांडण पाहिलं आहे त्याला सांगायला नको.

पाचवा हळूहळू आकाराला आला: मतं राहू द्या, पण सगळ्यांच्या नावानं काय जातं आणि काय जात नाही, ते ठरवा.

काय ठरलं आणि काय केलं

बैठक ओव्हनच्या टेबलावरच झाली, पण काम बंद ठेवून. हे मी मुद्दाम केलं. हात पिठात असले की माणसं बोलणं टाळायला कामाचा आडोसा घेतात.

लेबलपासून सुरुवात झाली. आईचं नाव आणि क्रूस असलेल्या खोक्यात पक्षाचं चिन्ह, झेंड्याचे रंग किंवा नेत्याचा फोटो असलेला केक जाणार नाही, कुठल्याच पक्षाचा. थोरल्यांनी लगेच विचारलं, गिऱ्हाईकानं विनालेबल मागितला तर? यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. धाकटीचं म्हणणं, ओव्हन तोच, हात तेच, लेबल काढून काय होतं. थोरलीचं म्हणणं, साधा केक विकत नेऊन त्यावर कुणी काय लावतो हे आपण कसं बघणार. शेवटी ठरलं की साधा केक कुणालाही द्यायचा, चिन्ह घरात रंगवायचं नाही. थोरल्यांना हे पचलं नाही, त्यांनी मान्य केलं ते आईकडे बघून.

मग ऑर्डर घेण्याचा अधिकार. फोन कुणालाही येवो, हो म्हणायचं ते आईनं किंवा दोन्ही सुनांपैकी जी त्या दिवशी ओव्हनवर असेल तिनं. दोघा भावांनी परस्पर शब्द द्यायचा नाही. मला विचाराल तर चिन्हाच्या नियमापेक्षा हाच नियम जास्त कामाचा ठरला, आणि त्याचा राजकारणाशी काही संबंध नाही.

पॅरिशच्या ग्रुपवर दोघा भावांनी पक्षाचं काही टाकायचं नाही. स्वतःच्या स्टेटसवर हवं ते ठेवा. आणि घरात बोलायला बंदी नाही, पण "आपण ख्रिस्ती म्हणून" अशी सुरुवात करून मत मांडायचं नाही. "मला वाटतं" म्हणायचं. हे फादरांनी सुचवलं. थोरले हसले, पण पुढे तेच इतरांना टोकायला लागले.

एक गोष्ट ठरवून झाली नाही. बैठक उठताना थोरली धाकटीला म्हणाली, "तू मोर्च्याबद्दल बोलायची तेव्हा मला वाटायचं तू पेपरातलं बोलतेस. तुझ्या घरचं आहे हे मला माहीत नव्हतं." धाकटी म्हणाली, "तुम्ही कधी विचारलं नाही, ताई." दोघी जावा एका घरात राहत होत्या आणि नवापूरला थोरली लग्नानंतर एकदाही गेलेली नव्हती.

पुढे काय झालं

त्या नाताळात कुलकुलांच्या रात्री धाकटी खाली आली. काट्यावर पीठ लाटत सगळ्यांबरोबर बसली, मुलांनीही लाटले. जळकी साखरही तिनं केली. केक मात्र तिनं त्या वर्षी वर नेला नाही. कुणी आग्रह केला नाही, हे बरं झालं. २९ डिसेंबरला पवित्र कुटुंबाचा सण होता. त्या दिवशी मळ्यात भरीत पार्टी झाली, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर. अमळनेरकडचे एक काका दोन्ही भावांना शेजारी बसलेलं बघून म्हणाले, "काय व्हयनं, मिटलं का?" थोरले म्हणाले, "मिटायला काय होतं, मत थोडंच बदललंय." आणि ते खरं होतं. आजही दोघं वेगवेगळी बटणं दाबतात.

थोरल्यांना झळ बसली. तो कार्यकर्ता नंतर दुसऱ्या बेकरीकडे गेला, आणि एका कामाचं बिल लांबलं ते त्याच कारणानं, असं थोरल्यांचं ठाम मत आहे. खरंखोटं मला सांगता येणार नाही. पण ही किंमत एकाच माणसानं मोजली आणि बैठकीत तिचा हिशोब कुणी मांडला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यात आईनं बंदी घातली तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं की नेमकं काय बंद करायचं आहे. भांडण की बोलणं? बोलणं बंद झाल्यामुळे धाकटीची भीती घरात कुणाला कळलीच नाही. निकालाच्या दुपारी थोरल्यांनी दहा मिनिटं काढून आईला पूर्ण सांगितलं असतं तर कदाचित आईनंच साधा केक देऊ म्हटलं असतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. ऑर्डर अर्धवट सांगण्यात त्यांना घाई होती की ती नाकारली जाईल याची खात्री होती, याचं उत्तर त्यांनी मला दिलं नाही.

धाकट्यांनी घरातला विषय ग्रुपवर नेला ही दुसरी वळणाची जागा. खाली जाऊन भावाच्या तोंडावर बोलण्यापेक्षा शंभर लोकांसमोर लिहिणं त्यांना सोपं वाटलं. मग जे प्रकरण आईच्या टेबलावर मिटलं असतं त्याला पॅरिश साक्षीदार झाली, आणि साक्षीदारांसमोर माघार घेणं दोघांनाही जड गेलं.

फादरांनी ग्रुप बंद केला तो योग्यच, पण दोघांना बोलवायला त्यांना काही दिवस लागले. त्या दिवसांत आई एकटी होती.

आणि नियम. विनालेबल केकचा मुद्दा आम्ही थकून मिटवला, नीट मिटवला नाही. त्याचं फळ २०२५च्या डिसेंबरात दिसलं. नगरपरिषदेचं मतदान २ तारखेला झालं आणि मतमोजणी पुढे ढकलून २१ तारखेवर गेली, म्हणजे आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) चौथा रविवार, प्लम केकच्या ऐन घाईत. चिन्हांच्या ऑर्डरी नाकारणं या वेळी सोपं गेलं. थोरलीनं फोनवरच सांगितलं, "साधा देते, वरचं तुम्ही लावा." अडलं ते दुसरीकडे. त्यांच्याच पॅरिशमधला, दोन्ही भावांच्या ओळखीचा एक तरुण उभा होता, पडला, आणि त्याच आठवड्यात त्याचा वाढदिवस. त्याच्या आईनं फोटोचा केक मागितला. तो नेता का? पडल्यावरही? फोटो प्रचाराच्या पत्रकावरचाच होता, हात जोडलेला.

थोरले म्हणाले द्या, पोरगं आपलं आहे. धाकटे म्हणाले नियम म्हणजे नियम, आणि हे ऐकून थोरले जवळजवळ खूश झाले. आईनं त्या बाईला फोन करून दुसरा फोटो मागवला, त्याच्या पहिल्या कम्युनियनचा (लहानपणी पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेण्याच्या विधीचा), पांढऱ्या शर्टातला. धाकटीनं मध्ये पडून विचारलं की मग लेबलचं काय, क्रूस लावायचा की नाही. तेवढं मात्र त्या रात्री ठरलं नाही. केक पांढऱ्या खोक्यात गेला, आणि नियमाच्या कागदावर खाली आईनं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे, पुढच्या निवडणुकीआधी बसायचं म्हणून.